अडीच फुटांच्या हौदात अकरा वाव

नमस्कार मंडळी. भुताखेतांच्या अनुभवांचा हा ग्रुप मी दोन वर्षं वाचतोय, लिहितोय मात्र पहिल्यांदाच. माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. सोलापुरात एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये मी असिस्टंट आहे. कोणी असलं काही सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला — मोजलं का? या वेळी मीच मोजलंय, म्हणून तर पंचाईत झालीय.

आम्ही जुळे सोलापूर भागात राहतो. मी, बायको रेखा आणि माझे वडील, अण्णा. वय एकाहत्तर. अण्णांना गळ टाकून मासे धरायचा भयंकर नाद. महिन्यातून एका रविवारी आम्ही दोघं पहाटेची एसटी धरून करमाळ्याकडच्या धरणाच्या बॅकवॉटरवर जातो, संध्याकाळी चार चिलापी घेऊन परत. पंचवीस वर्षं. माझा धाकटा भाऊ मिलिंद यात कधीच नव्हता. त्याला गांडुळाची किळस यायची... लहानपणी एकदा आला होता, तर डास चावतात म्हणून दिवसभर रडला.

तोच मिलिंद आता कॅनडात असतो आणि तिथे त्याला मासेमारीची आवड लागलीय. मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर त्याने व्हिडिओ कॉलवर जाहीर केलं की जानेवारीत तो अण्णांना डोंगरातल्या एका धरणावर नेणार. घरापासून पाच तास, वाटेत वस्ती नाही, पाणी गोठून वर हातभर जाडीचा बर्फ. त्याला भोक पाडायचं, तंबू ठोकायचा आणि आत बसून गळ सोडायचा. तिकीट एकच आलं. दादा, तू येतोस का, असं नुसतं तोंडदेखलंही विचारलं नाही त्याने.

मग दर रविवारी सकाळी कॉल. बूट कुठले, थर्मल किती, कानटोपी चालेल का... अण्णा पोरासारखे हरखून गेले होते. बॅकवॉटरला जाऊ म्हटलं तर म्हणायचे, आज मिलिंदचा फोन हाय की. मी आतल्या आत जळत होतो. खोटं कशाला सांगू?

त्यात अण्णांनी काढलं की सराव करायचा. परक्या लोकांसमोर बर्फाला भोक पाडता आलं नाही तर मिलिंदची मान खाली जाईल म्हणे. माझी मान कधी आठवली नाही त्यांना! तरीही मीच बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी आणली, पोत्यात भुसा घालून, रिक्षाने. मीच ओळखीच्या सुताराकडून मोठं गिरमिट आणलं. गच्चीवर कपडे धुवायचा सिमेंटचा हौद आहे, खोली अडीच फूट. तो पाण्याने भरून त्याच्या कडेवर फळ्या टाकून लादी आडवी ठेवली. डिसेंबरचा रविवार, सकाळचे नऊ, लख्ख ऊन. गिरमिटाने आणि थोड्या पटाशीने पेल्याएवढं भोक पडलं.

अण्णा पाटावर बसले आणि दोरा सोडू लागले. ते अजून जाड सुती दोराच वापरतात, ओला झाला की गडद दिसतो. किती खोल गेला ते दोन्ही हात पसरून मोजतात, दोन्ही हात एकदा पसरले की एक वाव. एक वाव... दोन... तीन. मला वाटलं, तळाशी गुंता होतोय. पण दोरा ताणलेलाच होता, टोकाचं शिसं त्याला खाली ओढत होतं. लादी अर्ध्याच हौदावर होती, म्हणून मी बाजूने पाण्यात हात घालून लादीच्या खाली चाचपलं. तळाचं शेवाळ हाताला लागलं. दोरा कुठेच लागला नाही.

अकरा वावांना दोरा थांबला. मग दोन झटके बसले. अण्णांनी ओढून घेतला — मासा नव्हता, पण गळावरचं गांडूळ गेलं होतं. दोरा इतका गार की त्यांची बोटं बधिर झाली. मी टेप आणली आणि दोरा गच्चीवर पसरून मोजला. ओला भाग बासष्ट फूट.

तुम्ही म्हणाल, भीती वाटली असेल. नाही. मी म्हणालो, मला द्या. त्याच भोकातून, तोच दोरा मी सोडला. अडीच फुटांवर टक. पुन्हा टक. तिसऱ्यांदाही टक. अण्णांनी घेतला आणि तो पुन्हा सरसर निघाला. मंडळी, मला इतका राग आला! पंचवीस वर्षं शेजारी बसलो मी, आणि ते जे काय होतं त्यालाही अण्णाच पसंत.

अण्णा हळूच म्हणाले, "तुजं ध्यान दोऱ्यावर न्हाय, सिद्धू. माज्यावर हाय."

तेवढ्यात मिलिंदचा कॉल आला. अण्णांनी हसत हसत त्याला सगळं सांगितलं — झटके, गांडूळ, बोटं. टेपचं तेवढं सांगितलं नाही, माझ्यासाठी ठेवलं असावं. मिलिंद हसला, मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "दादा, खरंच? तू होतास ना तिथं?"

मी म्हणालो, "हौद अडीच फुटांचा आहे रे. अण्णांना हल्ली असं होतंय."

हल्ली! त्याआधी कधीच काही झालं नव्हतं. तो शब्द तोंडातून कसा गेला, मलाच कळलं नाही... म्हणजे कळलं. पुढचं पटापट झालं. मिलिंद घाबरला. आधी डॉक्टरला दाखव म्हणाला, अशा अवस्थेत त्या डोंगरात न्यायची जोखीम नको. तपासण्या सगळ्या नॉर्मल आल्या, पण अण्णांना भास होतायत असं घरचेच सांगतायत म्हटल्यावर डॉक्टरांनी एक बारीक गोळी सुरू केली. तिकीट रद्द झालं.

दवाखान्यातून येताना रिक्षात अण्णा एकदाच बोलले. "टेप तूच लावलास की रं." मी रिक्षावाल्याला पुढचं वळण दाखवलं. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

दोरा कुठे गेला, गांडूळ कुणी खाल्लं, माझ्याच हाताला तळ का लागला — मला आजही उत्तर नाही. नंतर मी एकट्याने दोनदा लादी आणून पाहिली, अडीच फूट म्हणजे अडीचच. पण त्या दिवशी अण्णांना भास झाला नव्हता. हे मी मिलिंदला अजून सांगितलेलं नाही, रेखालाही नाही, पहिल्यांदा इथेच लिहितोय. रोज नाश्त्यानंतर मी भासांची ती गोळी अण्णांच्या हातावर ठेवतो. अण्णा ती घेतात, आणि रिकामा पेला माझ्या हातात देतात.