उतरताना आधी टक

थोरलीला जगात पुष्कळ माणसं घाबरतात. त्यांतल्या बहुतेकांनी तिचं तोंडही पाहिलेलं नाही.

ती सफाईचं काम करते. गेम बनवणाऱ्या एका कंपनीची चार मजली इमारत, मधोमध एक जिना, आणि लिफ्ट असून नसल्यासारखी. सकाळी सातला आत, दुपारी तीनला बाहेर. माहेरी पाच भावंडांत मोठी म्हणून थोरली, सासरी मोठी सून म्हणून थोरली, आणि आता कोपऱ्यावरच्या दुकानदारापासून सगळ्यांची थोरलीच. कंपनीत नवा माणूस आला की तिला मावशी म्हणतो. त्याला ती एकदाच सांगते, की मी काही तुझ्या आईची बहीण नाही; असते तर तुझ्या टेबलावर तीन दिवसांचे कप राहिले नसते.

दोन वर्षांची असताना तिला ताप आला होता. ताप गेला, पण जाताना डाव्या पायाचा जीव घेऊन गेला. पाय वाळला आणि दोन बोटं आखूडच राहिला. बाप सुतार. तो कपाळाला हात लावून बसला नाही. त्यानं लाकडाचा दोन बोटं जाडीचा तळ कापला, पोरीच्या डाव्या चपलेला ठोकला आणि म्हणाला, चल. पाय वाढेल तसा नवा तळ. बाप गेल्यावर हे काम नवऱ्याकडं आलं. नवरा बसचा ड्रायव्हर होता, आता निवृत्त आहे. त्याचा पहिला तळ इतका तिरका झाला की थोरली आठवडाभर सरळ जायला निघायची आणि भिंतीशी पोचायची. आता त्याचा हात बसलाय.

तर तिची चाल अशी. उजवा पाय पडतो तो धप्प. डावा पडतो तो टक. डाव्यावर फार वेळ भरवसा ठेवता येत नाही, म्हणून टक झाला रे झाला की सगळं अंग घाईनं उजव्यावर येतं. जिन्याची रीत वेगळी. चढताना चांगला पाय आधी वर, मग वाळका त्याच पायरीवर येऊन मिळतो. धप्प, टक. उतरताना वाळका आधी खाली. टक, धप्प. हे तिला ना बापानं शिकवलं, ना डॉक्टरनं. लहानपणी तीनदा जिन्यावरनं गडगडली, तेव्हा पायानंच शिकवलं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कंपनीतला आवाजवाला, म्हणजे गेममधले सगळे आवाज तयार करणारा दाढीवाला माणूस, महिनाभर हैराण होता. गेम भीतीचा. बंद पडलेला एक जुना दवाखाना, आत अडकलेलं एक माणूस, हातात ना काठी ना दगड. मागं लागलेली एक बाई. कमरेला चाव्यांचा जुडगा, म्हणून तिचं नाव चावीवाली. खेळणाऱ्यानं लपतछपत दारं उघडत बाहेर पडायचं, एवढाच खेळ. सगळं जमलं होतं, फक्त चावीवालीची पावलं जमत नव्हती. आवाजवाल्यानं गमबूट घालून पाहिले, खडीवर चालून पाहिलं, ओल्या पोत्यावर उड्या मारून पाहिल्या. ऐकणारे हसायचे.

एका सकाळी तो खोलीत डोकं धरून बसला होता आणि बाहेरच्या जिन्यावरनं थोरली बादली घेऊन उतरत होती. टक, धप्प. टक, धप्प. खोलीतले चौघं बोलता बोलता गप्प झाले. आवाजवाला बाहेर आला आणि म्हणाला, परत एकदा चालता का? तिला वाटलं हा चेष्टा करतोय. तिनं त्याच्या दाढीपासून सुरुवात करून त्याच्या वाडवडलांपर्यंत सगळ्यांचा समाचार घेतला. तो खाली मान घालून ऐकत राहिला, आणि ती दमल्यावर म्हणाला, आता चालता का? मग ती चालली.

आधी नुसता आवाज घेतला. मग अंगही घेतलं. ठिपके लावलेला काळा घट्ट पोशाख, भोवती कॅमेरे, आणि थोरली चालेल तशी पडद्यावर चावीवाली चालणार. त्या पोशाखात मी पाल दिसते, असं ती म्हणायची, पण घालायची. चार भाग निघाले. पहिल्या भागात चावीवालीला जाळलं, दुसऱ्यात बुडवलं, तिसऱ्यात भिंतीत चिणलं, चौथ्यात लिफ्टखाली चिरडलं. दर वेळी ती परत आली, त्याच चालीनं. ती धावत नाही. खेळणारा जिवाच्या आकांतानं पळतो, चार दारं लावतो, कपाटात जाऊन बसतो, आणि ती आपली तिच्या तिच्या गतीनं येतेच. खेळणारे कपाटात श्वास रोखून जिन्याकडं कान लावतात. आधी धप्प आला तर ती वर चाललीय, बाहेर पडा. आधी टक आला तर ती उतरतेय, हलू नका. हे कुठं लिहून दिलेलं नाही. जीव वाचवायचा म्हणून माणसं आपणहून शिकली.

घरी नवरा दुपारी खेळायला बसतो. तीस वर्षं बस चालवली, घाटात ब्रेक गेले तेव्हा डगमगला नाही, पण पहिल्या मजल्याच्या पुढं अजून गेलेला नाही. रोज बायकोच्या हातून मरतो आणि मग चहा ठेवायला उठतो.

पाचव्या भागाला नवे साहेब आले. पांढरे बूट, बोलताना दोन्ही हात हवेत. त्यांनी थोरलीला बोलावून खुर्ची दिली आणि भिंतीवर लावलेली चित्रं दाखवली. हा शेवटचा भाग. यात चावीवालीचं बालपण दाखवायचं. लहान लंगडी मुलगी, बाकीची पोरं तिला चिडवतात, जिन्यावरनं ढकलतात. त्या दुःखानं तिच्यात विष भरतं आणि ती माणसं मारू लागते. शेवटी नायक तिला क्षमा करतो. ती जिन्याच्या तळाशी गुडघे टेकते, रडते, चाव्या त्याच्या पायाशी ठेवते. आणि तेव्हाच तिचा पाय सरळ होतो. ती चारचौघींसारखी चालत उजेडात निघून जाते. साहेबांचा आवाज भरून आला होता. थोरलीचेही डोळे भरतील अशी त्यांची अपेक्षा असावी, कारण टेबलावर कागदी रुमालांचा डबा तयार होता.

थोरलीनं चित्रं नीट पाहिली. मग म्हणाली, हे मी करणार नाही.

साहेबांना वाटलं, गुडघा दुखत असेल. ते म्हणाले, खाली गादी टाकू.

"गुडघ्याचं नाही साहेब," थोरली म्हणाली. "ती दुष्ट आहे, तर दुष्ट ठेवा. हवी तेवढी ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण तिच्या पापाची पावती माझ्या पायावर फाडू नका."

साहेबांनी समजुतीच्या सुरात विचारलं, की मग ती दुष्ट का झाली, हे लोकांना कसं कळणार?

"स्वभाव. सरळ पायाची माणसं दुष्ट नसतात का? त्यांना कुणी विचारतं का, तुझे पाय लहानपणी कसे होते म्हणून?"

साहेबांचे हात पहिल्यांदाच खाली आले. ते म्हणाले की तुमच्यावाचून काही अडणार नाही, चालणारी दुसरी आणता येते. आणि सफाईच्या ठेकेदाराशीही एकदा बोलावं लागेल. थोरली उठली. जाताना रुमालांचा डबा उचलून त्याखालची धूळ पुसली आणि म्हणाली, "बोला की. फरशी सगळीकडं असते."

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाला, ठेकेदार काढेलच तुला. ती म्हणाली, काढू दे. तो म्हणाला, तसं नव्हे, मी काय म्हणतो, पाय सरळ झाला तर मला कपाटात कसं कळणार तू चढतेस की उतरतेस? थोरली हसली, पण ते तिच्या डोक्यात राहिलं.

साहेबांनी नटी आणली. गुणी बाई, नाटकात नाव असलेली. थोरलीच्या चपलेचं माप घेऊन तिलाही तसाच लाकडी तळ करून दिला. ती लंगडली, आणि इतकं लंगडली की बघणाऱ्याच्या कमरेत कळ यावी. डाव्या पायावर सगळा भार टाकून झोकांडा घ्यायची, पाय फरफटत ओढायची. ठेकेदाराकडून अजून काही निरोप नव्हता, म्हणून थोरली कामावर होतीच; फडकं घेऊन काचेबाहेरून बघत होती. शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या आवाजवाल्याला ती म्हणाली की ही लंगडायला बघतेय. मी जन्मभर सरळ चालायला बघतेय. त्यानं मान हलवली. पण त्याचं तरी कोण ऐकतंय.

पंधरा दिवसांनी जुन्या खेळाडूंना बोलावलं, खेळून बघायला. सहा जणं, चारही भाग कोळून प्यायलेली. पडदे लावून अंधार केला. थोरली बाहेर जिना पुसत होती. थोड्याच वेळात आतून ओरडणं ऐकू यायला हवं होतं. आलं ते हसणं, आणि मग कुरकुर. कपाटात लपलेल्यांनी आधी धप्प ऐकला, ती वर गेली असं समजून बाहेर पडले, तर चावीवाली समोर. नटी चांगल्या पायानं उतरत होती, सरळ पायाच्या माणसाला उतरताना तसंच सुचतं. पहिल्यांदा मेले तेव्हा त्यांना आपलीच चूक वाटली. तिसऱ्यांदा मेल्यावर एक जाडसर बाई उठून उभी राहिली आणि साहेबांना म्हणाली, ही ती नाही. ती अशी उतरत नाही. हिला पायच माहीत नाही. बाकीच्यांनी हातातली खेळायची यंत्रं खाली ठेवली. त्यांना शेवट दाखवायचा राहूनच गेला.

साहेब बाहेर आले तेव्हा थोरली सातव्या पायरीवर होती. ते खाली उभे, ती वर. त्यांनी विचारलं, उद्या येता का?

थोरलीनं फडकं पिळलं. गुडघे टेकणार नाही, पाय सरळ होणार नाही, आणि ती पोरं चिडवतात ती चित्रं भिंतीवरनं उतरवायची. एवढं असेल तर येते. साहेब म्हणाले, चित्रं उतरवू. पण शेवट हा शेवट आहे, मरावं तर तिला लागेल. उभ्या उभ्या जळेल. थोरली म्हणाली, जाळा. आधीही जाळलंयत.

दुसऱ्या दिवशी ठिपक्यांचा पोशाख, प्लायवूडचा बारा पायऱ्यांचा जिना, आणि वर थोरली. नायकाची वाक्यं वाचायला आवाजवाला खाली उभा होता. त्याच्या मागं कॅमेरेवाले, नटी, आणि पांढरे बूट. नटी स्वतःहून आली होती, बघायचंय म्हणाली. ठरलं होतं ते असं: नायक म्हणणार, चाव्या टाक. थोरली नुसती उभी राहणार. मग आग, ती पुढं संगणकावर लावायची.

आवाजवाल्यानं वाचलं, "संपलं सगळं. चाव्या टाक."

थोरलीनं कमरेचा जुडगा चाचपला. घट्ट होता. तिनं खाली पाहिलं, आवाजवाल्याकडं नव्हे, त्याच्या मागं. आणि डावा पाय खालच्या पायरीवर ठेवला.

टक.

धप्प.

कुणी थांबा म्हणालं नाही. दिवे लख्ख होते, सकाळचे अकरा वाजले होते, ही बाई कोण हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि तरी टक झाला की खोली एक पाऊल मागं सरकत होती. आवाजवाला सरकला. नटी सरकली, आणि तिचे डोळे पूर्ण वेळ थोरलीच्या पायावर होते. बाराव्या पायरीला पांढऱ्या बुटांची टाच भिंतीला लागली, आणि साहेबांच्या हातातला शेवटाचा कागद चुरगळला होता.

थोरली त्यांच्यासमोर थांबली. जुडगा कमरेलाच होता.

"झालं का?" तिनं विचारलं. "तिसरा मजला पुसायचा राहिलाय."