पौषातलं बाशिंग

मिरजेहून हुबळीची गाडी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत तिळगुळाचा डबा, गुडघ्याला लावायचं तेल आणि शालनताईसाठी ओल्या हळदीचं लोणचं एवढंच होतं. परत आले तेव्हा त्याच पिशवीत एक बाशिंग आणि एक झारा होता. नातवंडं असलेल्या बाईनं भर पौषात बाशिंग घेऊन घरी येणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. शेजारणीनं तर "तेल पुरे झालं वाटतं, आता गुडघ्याला हे बांधणार का?" असं विचारूनही घेतलं. म्हणून सांगलीकरांनो, सगळं पहिल्यापासून सांगते.

शालनताई माझी मावसबहीण. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, मूळचे जतकडचे, पण वडिलांच्या वेळेपासून हुबळीत आहेत. लॅमिंग्टन रोडच्या आतल्या एका गल्लीत त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. ताई दर दिवाळीला "ये गं" म्हणायची आणि मी दर दिवाळीला "येते" म्हणायचे. यंदा संक्रांत झाली आणि मी खरंच गाडीत बसले, तेव्हा सगळ्यात जास्त धक्का मलाच बसला.

बेळगाव येईपर्यंत मी कुणाशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. खानापूरच्या आसपास समोरच्या बाईनं कडक रोट्टी (पापडासारखी वाळलेली ज्वारीची भाकरी) आणि शेंगाचटणी पुढं केली, तेव्हा तो निश्चय मोडला. तिला मराठी थोडं, मला कानडी त्याहून थोडं. तरी लोंढ्याची झाडी सरून धारवाड येईपर्यंत तिच्या सुनेबद्दल मला सगळं कळलं होतं. धारवाडला मी पेढे घेतले आणि त्यातले निम्मे हुबळी येईपर्यंत आम्ही दोघींनी संपवले.

ताईचं घर उणकलला. स्टेशनवरनं धारवाडकडची बस धर आणि उणकलला उतर, असं तिनं बजावलं होतं. हुबळी-धारवाड बसेस रस्त्याच्या मधोमध त्यांच्यासाठी राखलेल्या वाटेनं सुसाट जातात. शेजारच्या गृहस्थांना मी म्हटलं, उणकल आलं की सांगा. माणूस शब्दाचा पक्का निघाला. उणकल मागं पडल्यावर त्यांनी मला हळूच हाक मारली आणि ते गेलेलं उणकल होतं, तळं बघितलंत का, फार छान आहे, असं प्रेमानं सांगितलं. मी नवनगरला उतरले आणि रागारागानं ताईला फोन लावला. ती म्हणाली, बरं झालं, मीही नवनगरलाच आहे, समोरची गल्ली धर.

त्या गल्लीत ताईची संस्था आहे. चारचौघी बायकांनी मिळून चालवलेली. ज्यांची मुलं-सुना कामाला जातात ती म्हातारी माणसं दिवसभर तिथं येऊन बसतात, जेवतात, भांडतात आणि संध्याकाळी घरी जातात. मी दारातून आत पाऊल टाकलं आणि थबकले. समोर खुर्चीवर एक आजी कपाळाला चमचमतं बाशिंग बांधून गिरमिट (कांदा, चिंच आणि डाळ्याचं पीठ घालून कालवलेले चुरमुरे) खात बसल्या होत्या. शेजारच्या आजोबांच्या कपाळालाही बाशिंग. मी ताईला हळूच विचारलं, "लग्न कधी लागलं?"

"गंगव्वाचा वाढदिवस आहे," ताई म्हणाली. "आणि त्यांना फुकटची हौस आहे म्हणून बांधलंय. कपाटभर पडलीत, करायचं काय?"

कपाट उघडून दाखवलं तर खरंच, बाशिंगं, मुंडावळ्या आणि फेटे नुसते कोंबलेले. दुसऱ्या फळीवर कुलपं, त्या इमारतीला असतील त्याहून जास्त. आणि स्वयंपाकघरात भिंतीवर ओळीनं झारे. लहान झारे, मोठे झारे, एक तर असा की त्यानं अख्खं गाव तळून काढावं. एवढे झारे कशाला, असं विचारलं तर ताई म्हणाली, कोण पाठवतं ठाऊक नाही, कुणीतरी दारात ठेवून जातं. लग्नसराईत गरिबाघरची माणसं येतात, त्यांना बाशिंगं आणि फेटे वापरायला फुकट देतो, तेवढाच उपयोग.

या कपाटाचं रहस्य रात्री जेवताना कळलं. ताईनं एण्णगाई (भरलेली वांगी) केली होती आणि दाजी खुशीत होते. त्यांच्या गल्लीत एक रीत आहे. दुकान उघडून बराच वेळ झाला आणि कुणाची बोणी (दिवसाची पहिली विक्री, आपली भवानी) झाली नाही, तर शेजारचे दुकानदार एखादं अनोळखी माणूस गिऱ्हाईक म्हणून तिथं पाठवतात. पैसे पाठवणाऱ्याचे. घेतलेली वस्तू ताईच्या संस्थेला. आणि यावर गल्लीत कुणी कधी एक अक्षर बोलायचं नाही. बोललं की ती मदत झाली, आणि मदत घेईल असा एकही दुकानदार त्या गल्लीत नाही.

मला ही रीत इतकी आवडली की मी चौथी रोट्टी घेतली. मग दाजींनी मुद्दा काढला. त्यांच्या समोर गुरुसिद्धप्पांचं बाशिंगांचं दुकान आहे. पौषात त्यांच्याकडं काळं कुत्रं फिरकत नाही, आणि गल्लीतल्या सगळ्यांचे नातेवाईक पाठवून संपले. तेव्हा उद्या सकाळी मी जायचं, एक बाशिंग घ्यायचं आणि यायचं.

"आणि घासाघीस करायची नाही," दाजी म्हणाले. "तुझी कीर्ती इथवर आलीय."

तुम्हालाही बोणी लागते का कधी, असं मी विचारलं. दाजी हसले. म्हणाले, आपल्याकडं दार उघडायच्या आत गिऱ्हाईक उभं असतं. झारे तर ठेवू म्हटलं तर राहत नाहीत. हुबळीची माणसं तळणाचं फार खातात.

सकाळी उणकलच्या तळ्याला एक फेरी मारून आम्ही दुकानाकडं निघालो. गुरुसिद्धप्पा म्हणजे पांढऱ्या टोपीतले, किरकोळ अंगाचे सत्तरीचे गृहस्थ. "बर्री अक्कारं (या ताई), बसा," म्हणाले आणि गादी झटकली. मी एक साधं बाशिंग उचललं, किंमत विचारली, आणि त्यानंतर काय झालं ते माझ्या हातात नव्हतं. किंमत ऐकली की माझ्या तोंडून "छे" आपोआप येतं. मोती प्लास्टिकचे आहेत म्हटलं. ते म्हणाले, अक्कारं, खऱ्या मोत्यांचं बाशिंग बांधणारा नवरा माझ्या दुकानात कशाला येईल? मी उठून दारापर्यंत गेले, त्यांनी परत बोलावलं. दुसऱ्यांदा गेले, पुन्हा बोलावलं.

आणि त्या भांडणात म्हातारा नुसता खुलत गेला. पोटमाळ्यावरनं खोकी काढली. हातानं केलेली, जरीची, मोराची बाशिंगं गादीवर मांडली. चहा सांगितला. एवढ्या प्रेमानं माझ्याशी कुणी घासाघीस केल्याचं मला आठवत नाही. मग त्यांनी सहज विचारलं, लग्न कुणाचं?

मी म्हटलं, मुलाचं. माझ्या मुलाला दोन मुलं आहेत, पण ते त्यांना कुठं ठाऊक.

कधी आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात.

मोराचं बाशिंग पुसणारा त्यांचा हात थांबला. "पुढच्या आठवड्यात पौषच हाय की, अक्कारं," ते म्हणाले.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. चहा आला, आणि तो आम्ही दोघांनी एकमेकांकडं न बघता प्यायला. मग गुरुसिद्धप्पाच हसायला लागले. म्हणाले, पौषात बाशिंग मागायला येणारं माणूस एकतर वेडं असतं, नाहीतर समोरच्या दुकानातनं आलेलं. पाठवलेली माणसं बिचारी मान खाली घालून सांगेल ती किंमत देऊन जातात, त्यावरनंच कळतं. तुम्ही घासाघीस केली म्हणून मी फसलो. वाटलं, खरं गिऱ्हाईक आलं.

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. माणसाला खोटं गिऱ्हाईक मिळालं याचं नाही, थोडा वेळ खरं मिळाल्यासारखं वाटलं याचं.

त्यांनी गल्ल्यामागनं एक रंगवलेली पाटी काढून मला दाखवली. कानडीत होती, त्यांनी वाचून सांगितली: दुकान भाड्यानं देणे आहे. अक्षय्य तृतीया झाली की लावणार. खरं तर पाटीची घाई नव्हती, पण पेंटरची त्या दिवशी बोणी झाली नव्हती, म्हणून आत्ताच रंगवून घेतली.

का लावणार, असं मी विचारलं.

"पौषात तुमचे दाजी माझ्याकडनं बाशिंगं घेतात. वैशाखात तुमची ताई तीच लोकांना फुकट देते," ते म्हणाले. "मग वैशाखात माझ्याकडं कोण येणार?"

मी कपाळाला हात लावला. गल्ली एका हातानं म्हाताऱ्याचं दुकान जगवत होती आणि दुसऱ्या हातानं बुडवत होती, आणि दोन्ही हातांना आपण पुण्य करतोय असं वाटत होतं. तुम्ही सांगत का नाही, म्हटलं, तर म्हणाले, कसं सांगणार? बोणीबद्दल गल्लीतल्या माणसानं बोलायचं नसतं. मायेनं करतात, त्यांना लाज वाटेल.

"मी गल्लीतली नाही," मी म्हटलं.

गुरुसिद्धप्पांनी मोराचं बाशिंग पुढं ओढलं. "ते एक हाय," म्हणाले, आणि मी सांगितलेल्या किमतीला बाशिंग बांधून दिलं.

दुपारी मी ताईला आणि दाजींना सगळं सांगितलं. दाजींचा घास हातातच राहिला. ताई आधी हसली, मग रडली, मग स्वतःवरच चिडली. प्रश्न असा होता की न बोलता हे निस्तरायचं कसं. संध्याकाळी आम्ही तिघं समोरच्या दुकानात गेलो. ताईनं इकडचं तिकडचं बोलून सांगितलं की संस्थेच्या कपाटात उंदीर फार झालेत, तेव्हा बाशिंगं आणि फेटे तुमच्याकडं ठेवले तर बरं होईल. अडलेल्या माणसाला तुम्हीच तुमच्या हातानं द्या. आमच्यात फेटा बांधता येतो कुणाला? आलेली माणसं उरलेलं सामान तुमच्याकडनंच घेतील. आणि मुंडावळ्या ओवायला आमच्या आज्या रिकाम्याच बसलेल्या असतात, त्यांना तुम्ही काम द्या.

"नवनगरात उंदीर?" गुरुसिद्धप्पांनी विचारलं.

"फार," ताई म्हणाली.

"मोठाले," दाजी म्हणाले.

मी पण म्हटलं, मी स्वतः बघितले. चौघांनाही सगळं ठाऊक होतं आणि चौघंही इतक्या गंभीर चेहऱ्यानं उंदरांबद्दल बोलत होते की मला हसू दाबताना ठसका लागला. म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली आणि म्हणाले, उंदरांपुढं इलाज नाही, आणा सामान. मग गल्ल्यामागची पाटी काढून त्यांनी पेंटरकडं पाठवली. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर लिहायला सांगितलं: बाशिंगं विकत मिळतील, अडल्यास वापरायला मिळतील. पेंटरची दुसऱ्या दिवसाची बोणी तीच.

मोराचं बाशिंग संस्थेत गेलंच नाही; तिथं उंदीर झालेत म्हणून ताईनं ते माझ्याच पिशवीत घातलं. निघायच्या दिवशी मी गुरुसिद्धप्पांचा निरोप घ्यायला गेले, तर त्यांनी कागदात गुंडाळलेला एक झारा माझ्या हातात ठेवला. बहिणीकडनं रिकाम्या हातानं जाऊ नका, म्हणाले. झाऱ्यावर दाजींच्या दुकानाची चिठ्ठी तशीच होती. मी झाऱ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. संस्थेच्या भिंतीवरची ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर आली.

त्यांनी समोरच्या दुकानाकडं एक नजर टाकली आणि आवाज खाली केला. "मोठ्या दुकानातनं बारकं काय घ्यायचं? झाराच परवडतो," ते म्हणाले. "तुम्ही पण आता गल्लीतल्याच बरं का, अक्कारं."

म्हणजे बोलायचं नाही. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून विचार करत होते. आपल्याकडं मदत केली की फोटो निघतो, हार घालतात, पाटी लागते. त्या गल्लीत प्रत्येकाला वाटतं की आपण देणारे आहोत, आणि प्रत्येकजण घेतोय. ज्याला कळतं तो दुसऱ्याच्या मानासाठी गप्प बसतो. मला त्या माणसांचा हेवा वाटला, आणि घासाघीस न करता आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला आपल्यात घेतलं याचा आनंदही झाला.

घरी येऊन झारा भिंतीवर टांगला तोच दाजींचा फोन. पोहोचलीस का, म्हणाले, आणि लगेच धंद्याची बातमी. सकाळी शटर वर करतोय तोवर कोणी एक अनोळखी बाई आली आणि भाव न करता झारा घेऊन गेली.

"हुबळीची माणसं तळणाचं फार खातात, दाजी," मी म्हटलं.