हंड्यावरचं देवाचं झाकण

झाकण पडल्याचा आवाज आला तेव्हा मी लेबर रूममध्ये होते. बाळाचं डोकं दिसायला लागलं होतं, त्यामुळे जागचं हलता येईना. पाठोपाठ सुगंधाची किंकाळी आली आणि मग काहीच नाही. मुलगी झाली, नाळ बांधली, वार पडली, आईला पांघरूण घातलं आणि मग मी न्हाणीघरात गेले. सुगंधा, आमची आया, उजवा हात गार पाण्याच्या बादलीत घालून बसली होती. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लालबुंद झाली होती.

"डाव्या हातान पाणी काढून ठेवलंय, बाय," ती म्हणाली. "तुमका लागतलां म्हणान."

आमचं प्रसूतिगृह मालवणच्या पुढे, खाडीकाठच्या एका गावात आहे. नाव लिहीत नाही. माणसं तिथेच आहेत आणि मलाही तिथेच नोकरी करायची आहे. इन्स्ट्रुमेंट्स उकळायला छोटा स्टरिलायझर आहे. बाकी सगळं, म्हणजे धुणं, पुसणं, बाळंतिणींच्या आंघोळी, न्हाणीघरातल्या हंड्यावर. चुलवणावर कायमचा बसवलेला रुंद तोंडाचा तांब्याचा हंडा. बाळंतपण वेळ सांगून येत नाही, म्हणून हंडा सतत गरम लागतो. आणि हंडा गरम ठेवायचा तर झाकण नीट लागतं.

आमचं झाकण फणसाच्या लाकडाचं होतं. नवीन होतं तेव्हा उत्तम. पण वर्षानुवर्षं खालून वाफ आणि वरून खारा वारा. फळ्यांचे सांधे सुटले. प्रत्येक वेळी बाबी मेस्त्री येऊन लोखंडी पट्टी ठोकून जायचा. भेगांतून वाफ जायची, पाणी निवायचं, सरपण जास्त लागायचं. कुजलेल्या लाकडाचे काळे कण पाण्यात पडायचे. त्यातून लाकूड पाणी पिऊन जड झालेलं. हंड्याचं झाकण उचलताना पलीकडची कड आधी वर करायची, म्हणजे वाफ पलीकडे जाते. प्रत्येक आयेला मी हे पहिल्याच दिवशी शिकवते. पण पट्ट्यांनी मढवलेलं ते धूड एका हातानं तिरपं होईना. दोन्ही हातांनी ओढलं की अलीकडची कड वर यायची आणि सगळी वाफ अंगावर. सुगंधाचं तेच झालं.

मग फेकून का दिलं नाही? कारण ते देवळाच्या लाकडाचं होतं. सभामंडप नवा केला तेव्हा उरलेल्या फळ्या आबांनी प्रसूतिगृहाला दिल्या होत्या. आबा आमच्या कमिटीचे अध्यक्ष आणि देवळाचे मानकरी. झाकण आल्यापासून एकही बाळंतीण दगावली नाही, हे खरं आहे. त्याच सुमारास आम्ही हात साबणाने धुण्याची सक्ती केली, हेही खरं आहे. पण साबणाला कोणी नमस्कार करत नाही. झाकणाला करायचे. सासवा सुनेला घेऊन आल्या की आधी न्हाणीघरात जाऊन झाकणाला कुंकू लावायच्या आणि मगच तिला माझ्या ताब्यात द्यायच्या. घरी कोयत्याने नाळ कापून घेणाऱ्या बायका आमच्याकडे यायला लागल्या त्या माझ्या सर्टिफिकेटमुळे नव्हे.

म्हणजे झाकण ठेवलं तर आयेचा दुसरा हात जाणार. काढलं तर गावात बोभाटा होणार की सिस्टरने देव बाहेर काढला, आणि बायका परत घरच्या काळोख्या खोलीत बाळंत होणार. मला दोन्ही नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आले. मागे बाबी मेस्त्री.

"मेस्त्री, आणखी एक पट्टी मार," आबा म्हणाले.

"पट्टी मारूक जागा खंय रवली हा, आबा?" बाबीने पेचकस फळीवर टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. "ह्यां लाकूड नाय. ही भाकरी."

"देवाच्या लाकडाक भाकरी म्हणतंस?"

"मऊ भाकरी," बाबी म्हणाला.

आबांना हसू आलं नाही. सुगंधा दारात उभी होती. जेन्शन व्हायलेट लावून मी तिचा हात जांभळा करून टाकला होता.

"कसो आसा गो हात?" आबांनी विचारलं.

"आसा तसो आसा. देवाच्याच लाकडान भाजलो, म्हणजे पुण्य तरी गावतलां मां?"

आबा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "सिस्टर, आपण कौल घेवया. झाकण काढूचां काय नाय, तां देवच सांगांदे."

आमच्याकडे अडलेल्या गोष्टीचा कौल घेतात. मूर्तीवर फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतात, गुरव प्रश्न मांडतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर एक उत्तर, डावीकडची पडली तर दुसरं. ते उत्तर मग गावात कोणी मोडत नाही. मीही मोडणार नव्हते. म्हणूनच मला भीती होती ती प्रश्नाची.

दवाखान्यात लहान मुलाला मी कधीच विचारत नाही की इंजेक्शन देऊ का. तो नाहीच म्हणणार. मी विचारते, कुठल्या दंडावर देऊ, ह्या की त्या? पोर विचारात पडतं आणि एक दंड पुढे करतं.

"आबा," मी म्हटलं, "कौल जरूर घ्या. पण एक बघा. देवाचं लाकूड धुरात काळं पडतंय. काल जमिनीवर आपटलं, आयांच्या पायाशी. हे तुम्हाला चालतं?"

"नाय," आबा सावकाश म्हणाले.

"मग ते मानाने कुठे ठेवायचं, तेवढं देवाला विचारा. लेबर रूमच्या दारावर, म्हणजे प्रत्येक बाई त्याच्याखालून आत येईल. की बाहेर पडवीत, म्हणजे आल्या-गेल्याला दिसेल."

"आणि हंड्यार?"

"हंड्यावर पत्रा. पत्र्याला कौल लागत नाही."

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काहीतरी खटकलं होतं, पण नेमकं काय ते सापडत नव्हतं. सुगंधा पदर तोंडाशी धरून भिंतीकडे वळली.

सोमवारी देवळात गुरवाने गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं, मीही म्हटलं. बराच वेळ काही हललं नाही. माझी पाठ दुखत होती. मग उजवी पाकळी पडली. लेबर रूमचं दार.

बाबीने पट्ट्या उपटल्या, कुजलेला भाग तासून काढला आणि उरलेली फळी दारावर बसवली. मालवणच्या बाजारातून पत्र्याचं झाकण करून आणलं, मधोमध बिजागरी, दोन लाकडी मुठी. पाणी घ्यायचं तर पलीकडचा अर्धा भाग उघडायचा. वाफ भिंतीकडे जाते.

पुढे जी पहिली सून आली तिची सासू कुंकवाची कोयरी घेऊन थेट न्हाणीघरात गेली. पत्रा बघून म्हणाली, "ह्यां काय गो? डब्याचां झाकण?" सुगंधाने तिला दंडाला धरून लेबर रूमच्या दारापाशी आणलं आणि वर बोट दाखवलं. म्हातारीने मान वर केली, हात जोडले आणि सुनेला म्हणाली, "जा आत."

सुगंधाचा हात बरा झाला. डाग राहिले, पण अर्धं झाकण ती दोन बोटांनी उचलते.

ह्या सगळ्यातून मी शिकले ते एवढंच. दुरुस्ती करायची की बदलायचं, हे त्या वस्तूची किंमत बघून ठरवू नये, ती रोज कोण उचलतं ते बघून ठरवावं. कमिटीत झाकण उचलणारं कोणी नसतं.

खाऱ्या हवेत पत्रा टिकत नाही. गेल्या महिन्यात कडेला भोकं पडली. आबा आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "डाग देवन भोकां बुजवन घेवया. आणखी वर्षभर जायत."

मी दमलेली होते. पहाटेपासून दोन बाळंतपणं झाली होती.

"आबा," मी विचारलं, "नवीन झाकण बुधवारी आणू की शुक्रवारी?"

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी लेबर रूमच्या दाराकडे बघितलं, वरच्या फळीकडे, आणि परत माझ्याकडे.

"बुधवारी," ते म्हणाले.