पूजलेला जॅक

माझे वडील तुळशीराम खामगावच्या एका कापसाच्या जिनात जॅक चालवत. दांडा खालीवर केला की आतल्या तेलाच्या जोरावर दट्ट्या वर सरके आणि शेकडो मणांचं लोखंड उचललं जाई. तेव्हा वडील अशा ऐटीत उभे राहत, की जणू ते लोखंड त्यांनीच उचललंय.

१९३४च्या खंडेनवमीला त्यांनी दट्ट्या पुरता वर काढला, धुतला आणि मारुतीला फासावा तसा त्याला तेलात कालवलेला शेंदूर फासला. दसरा झाल्यावर लगेच बॉयलर उचलायचा होता, नागपूरहून तपासनीस यायचे होते. मी तिथेच फिटर होतो. म्हटलं, "बाबा, दट्ट्या पुसून घेऊ काय?"

"पूजेचा शेंदूर पुसत नसतात बे," म्हणाले, आणि दट्ट्या तसाच आत उतरवला. त्या शेंदराची कचकच आतली, तेल अडवून धरणारी चामड्याची वाटी कापणार, हे मला चांगलं कळत होतं. तरी मी मूग गिळून बसलो.

बॉयलर वर येईल तसे खाली लाकडी ठोकळे सरकवायचे, हे कारभारीकाकांचं काम. वडिलांची आणि त्यांची पंधरा वर्षांची जोडी. अर्ध्यावर जॅक गळला, बॉयलर खाली बसला आणि काकांचा उजवा पंजा ठोकळ्यावर चिरडला. दवाखान्यात मालकांनी विचारलं, तर काकाच म्हणाले, "माहा हात उशिरा गेला." वडिलांनी मान डोलावली.

त्याच संध्याकाळी वडिलांनी आणि मी जॅक उघडला. वाटी चिरलेली, तेल लालभडक. गुपचूप नवी वाटी बसवली, ते लाल तेल बाहेर ओतून दिलं, घरी येऊन पोटभर जेवलो. हे लिहितानाही मला शरम वाटते.

काकांचं काम सुटलं, ते जानेफळला गावी गेले. वर्षभरानं वडील मला म्हणाले, "चाल, त्याले खरं सांगून येऊ."

काकांनी डाव्या हातानं पाणी दिलं. वडील घसा खाकरून बोलणार, तेवढ्यात काकांनीच डोळ्यांत पाणी आणलं. "तुळशीरामभाऊ, माह्यापायी तुमच्या जॅकले लोक नावं ठेवू लागले. मले माफ करा."



"जाऊ द्या, कारभारी," वडील म्हणाले. "केलं माफ."

मी शेजारीच बसलो होतो.