लिंबावर बंद पडलेली गाडी

गाडी बंद पडली तेव्हा माझा पाय क्लचवर पूर्ण दाबलेला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या दिवशी आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या एकाही माणसाला हे ऐकून घ्यायचं नव्हतं.

सुरुवात झाली आदल्या दिवशी, खंडेनवमीला. आमच्याकडे त्या दिवशी घरातली हत्यारं धुऊनपुसून पूजेला लावतात. पक्कड, हातोडी, माझं शिलाई मशीन, आणि खाली उभी असलेली गाडी. एकदा हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, त्यांना विश्रांती. विळी मात्र या घरात कधी पूजेला लागलेली मी पाहिली नाही. ती विश्रांतीला गेली तर जेवायला काय मिळणार?

गाडी चालवते मी. ह्यांना काचबिंदू आहे. डॉक्टरांनी ह्यांना ड्रायव्हिंग सोडायला लावलं, तेव्हा पन्नाशी उलटलेली असताना मी शिकले. 'आता या वयात?' असं विचारणाऱ्यांत हेसुद्धा होते. माझी आई वाकोल्याला दुसऱ्या मजल्यावर राहते. तिचे गुडघे गेलेत. दर रविवारी मी डबा घेऊन जाते, तिला धरून खाली आणते, गाडीत बसवते आणि आम्ही दोघी जुहूपर्यंत जाऊन येतो. आठवडाभरात ती घराबाहेर पडते ती तेवढीच. गाडी म्हणजे माझ्यासाठी हे एवढं आहे. बाकी कोणाला ती आवारातली जागा अडवणारी वस्तू वाटत असेल तर वाटो.

तर खंडेनवमीला माझे धाकटे दीर बोरिवलीहून आले. येताना स्प्रेचा एक डबा घेऊन आले.

"वहिनी, नुसती बाहेरून धुऊन काय उपयोग? हत्यार आतून स्वच्छ पाहिजे. आज मी तुमची थ्रॉटल बॉडी साफ करतो."

थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात हवा किती जायची ते ठरवणारी गोल झडप. पूर्वी ती तारेने ओढली जायची, आता तिच्यामागे एक छोटी मोटर असते आणि गाडीचा कॉम्प्युटर ती उघडतो, मिटतो. भाऊजींना एवढं माहीत होतं. त्यांनी व्हिडिओ बघितला होता. तो शेवटपर्यंत बघितला नव्हता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

बॅटरीची वायर त्यांनी काढली, तेवढं बरं केलं. मग हवेचा रबरी पाइप सोडवला आणि झडपेवर थेट स्प्रे मारायला लागले. काळं पाणी ओघळायला लागलं.

मी म्हटलं, "भाऊजी, फडक्यावर मारून पुसा ना. मोटरमध्ये जाईल ते."

"वहिनी, तुम्ही तोरण बघा."

मग त्यांनी झडप बोटाने ढकलून उघडी धरली. मोटरला दातेरी चाकं असतात, त्यांना अशी जबरदस्ती चालत नाही, हे मला कुठेतरी वाचल्याचं आठवत होतं. तेही मी बोलले. ह्यांनी मलाच गप्प केलं. "अगं, तो इंजिनिअर आहे." माझे दीर पुलांचे इंजिनिअर आहेत.

झडप आरशासारखी लख्ख झाली, हे खरं. पाइप जागेवर बसला, बॅटरीची वायर लागली. मी म्हटलं, आता एकदा चालू करून बघते. ह्यांनी लगेच बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला आणि किल्ली उचलून पूजेच्या ताटात ठेवली. पूजा झाली. आता उद्यापर्यंत इंजिन चालू करायचं नाही. बिघाड करून त्याच्यावर देवाचं कुलूप लावायचं, ही युक्ती आमच्याच घराला सुचायची.

दसऱ्याला खाली निम्मी सोसायटी जमली होती. सगळ्यांच्याच गाड्यांची पूजा होती. नारळ फुटला, आमच्या चाकांखाली लिंबं ठेवली. मी किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं, त्याच्या फेऱ्यांचा काटा वर गेला, खाली आला, परत वर गेला. दमेकऱ्यासारखा श्वास. मी क्लच दाबून पहिला गिअर टाकला, अजून पाय सोडलाही नव्हता, आणि गाडी बंद.

"वहिनी, क्लच!" भाऊजी ओरडले.

परत चालू केली. जेमतेम लिंबावर चढली आणि तिथेच गचका खाऊन मेली. लिंबू अर्धं चिरडलं, अर्धं तसंच राहिलं. अपशकुन, अपशकुन अशी कुजबुज झाली. तिसऱ्या मजल्यावरचे काका, ज्यांना मी कधी चालतानाही सरळ रेषेत पाहिलं नाही, ते मला पाय कसा हळूहळू उचलायचा ते हवेत करून दाखवत होते.

मी गाडी न्यूट्रलला टाकली, दोन्ही पाय वर घेतले आणि परत चालू केली. सगळ्यांसमोर ती पुन्हा आचके देऊन बंद पडली.

"बघा," मी म्हटलं, "आता कुठला क्लच?"

कोणी बघितलं नाही. पेढे वाटायला सुरुवात झाली होती. आणि हे, शेजारच्या सीटवर बसलेला माझा नवरा, ज्याने एवढी वर्षं गाडी चालवली आणि ज्याला इंजिनाचा नुसता आवाज ऐकून सगळं कळतं, तो म्हणाला, "राहू दे गं. तुला नाही जमत तर नाही जमत." त्या वाक्याचा मला इतका संताप आला की हातातलं सोनं, आपट्याची पानं, चुरगळून गेली.

जेवताना ठरलं. मी वाढत होते आणि ठरलं. गाडी काढून टाकू. भाऊजींच्या ओळखीत एक गिऱ्हाईक आहे, रविवारी येईल. वाकोल्याला काय, रिक्षा आहे, टॅक्सी आहे. माझ्या आईला टॅक्सीत चढवायला कोण थांबतंय, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा मी फोन घेऊन बसले आणि भाऊजींनी अर्धा सोडलेला तसलाच व्हिडिओ पूर्ण बघितला. मग आणखी बघितले, कारण सगळ्या गाड्यांची पद्धत सारखी नसते. आमच्या गाडीची मिळाली. झडपेवर काजळी साचते तसा कॉम्प्युटर तिला थोडी थोडी जास्त उघडायला शिकतो. काजळी पुसली, बॅटरी काढली, की तो शिकलेलं सगळं विसरतो. मग त्याला उभ्या गाडीत किती हवा पुरते ते पुन्हा शिकू द्यावं लागतं. ते शिकवायच्या आत आम्ही त्याला लिंबावर चढवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेले. आधी बॉनेट उघडून रबरी पाइप हाताने हलवून पाहिला. त्याचा पट्टा सैल! म्हणजे फटीतून भलतीच हवा आत जात होती. तो आवळला. एसी, दिवे, पंखा, सगळं बंद. किल्ली फक्त फिरवून ठेवली, इंजिन चालू न करता, मग बंद केली. थोड्या वेळाने चालू केली आणि ॲक्सिलरेटरला पाय लावला नाही. काटा वरखाली नाचला. एकदा बंद पडली. परत चालू केली. इंजिन तापलं, त्याला गार करणारा पुढचा पंखा फिरून थांबला, काटा हळूहळू एका जागी बसला. मग एसी लावला. काटा डगमगला, सावरला.

"काकू, उभ्या उभ्या पेट्रोल का जाळताय?" वॉचमनने विचारलं.

"शाळा घेतेय," मी म्हटलं.

नंतर घाटकोपरपर्यंत जाऊन आले. एकाही सिग्नलला बंद पडली नाही. वर येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बरं झालं. गिऱ्हाईकासमोर शोभा नको."

रविवारी मी आईचा डबा घेऊन खाली उतरले तर गिऱ्हाईक आधीच माझ्या सीटवर बसलेलं. भाऊजी खिडकीत वाकलेले, हे बाजूला उभे. इंजिन चालू होतं, संथ, एका सुरात.

"आयडलिंग एकदम स्मूथ आहे हो," तो म्हणाला.

"असणारच!" भाऊजी म्हणाले. "थ्रॉटल मी स्वतः साफ केलीय. आणि लेडीज ड्रिव्हन आहे हां. वहिनी एकदम जपून चालवतात."

दसऱ्याला मला क्लच कळत नव्हता. आता तोच माझा पाय विकायला काढला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी हात आत घालून इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून घेतली.

"गाडी विकायची नाही."

"वहिनी, मी शब्द दिलाय यांना."

"मग तुमची गाडी द्या."

गिऱ्हाईक अवघडून खाली उतरलं. त्याने ह्यांच्याकडे बघितलं. "साहेब, गाडी नावावर कोणाच्या आहे?"

"माझ्या," हे म्हणाले.

मी ह्यांचा हात धरला आणि किल्ली तळव्यावर ठेवली.

"मग चालवा."

भाऊजी जमिनीकडे बघत राहिले. ते वाक्य लागणार, हे मला माहीत होतं. लागावं म्हणूनच बोलले, आणि आजही मागे घेत नाही. हे कितीतरी वेळ किल्ली चाचपत उभे राहिले. मग त्यांनी ती माझ्यासमोर धरली. माझा हात होता त्याच्या बरंच बाजूला. मी हात सरकवून ती घेतली.