कोऱ्या चिठ्ठ्यांवरची माझी सही

दक्षिण गडचिरोलीतल्या एका पंचायत समितीत मी सहायक लेखाधिकारी म्हणून रुजू झाले, तेव्हा सगळ्यात आधी माझ्या डोळ्यांत खुपला तो भांडारपाल. हातपंपांचे पाइप, सळया, सगळं सामान त्याच्या ताब्यात. खोलीची किल्ली कमरेच्या करदोड्याला. आणि सहा वर्षांत या माणसानं एक दिवसही रजा घेतलेली नव्हती.

प्रशिक्षणात सांगितलं होतं, जो कधीच रजा घेत नाही त्याच्यावर नजर ठेवा. तो गेला की त्याची नोंदवही दुसरा कोणी उघडतो, आणि झाकलेलं बाहेर येतं. मी खूणगाठ बांधून ठेवली.

दुरुस्तीचं काम पाहणारा पर्यवेक्षक मात्र फार बोलका. मला भाड्याची खोली त्यानंच शोधून दिली होती. तो सगळ्यांसारखा रजेवर जायचा, यायचा.

त्या उन्हाळ्यात एका जंगलातल्या गावाचं नाव कागदांवर पुन्हा पुन्हा दिसायला लागलं. एकच हातपंप तीनदा दुरुस्त, दर वेळी नवे पाइप. मी कोणाला न सांगता जीप काढली. पंपाचं वरचं डोकंसुद्धा जागेवर नव्हतं. बाया नाल्यात झिरा खोदून पाणी भरत होत्या. एका म्हातारीला विचारलं तर ती म्हणाली, "दुरुस्ती? कोणी आलंच नाई, बाई."

दुसऱ्या दिवशी मी भांडारपालाला बोलावलं.

"भाऊ, चार दिवस रजा घ्या."

"काऊन?"

"नियम आहे."

"माह्यावर शक आहे, तसं सांगा ना, मॅडम."

 भांडाराचा ताबा दुसऱ्याकडे देण्याआधी मी त्याच्यासमोरच मोजणी केली. दुपारभर त्या पत्र्याच्या खोलीत एकेक पाइप मोजला. नोंदवहीत होतं तेवढंच सामान. एकही कमी नाही. खरं सांगायचं तर माझी निराशा झाली.

मग त्यानं नोंदवहीच्या खालून एक लिफाफा काढला. आत भांडारातून सामान सोडायच्या सात मागणी चिठ्ठ्या. गाव आणि पाइपांचा आकडा वेगळ्या अक्षरात, खाली सही माझी.

"पयल्या तीन चिठ्ठ्यांवर मी सामान देल्लं. त्याच गावची चवथी आली तवा शंका आली. तवापासून एकही पाइप देल्ला नाई. साहेबाले सांगावं तर सही तुमची. कोणावर भरोसा करू?"

ते अक्षर पर्यवेक्षकाचं होतं. मार्चच्या घाईत, मी गडचिरोलीच्या बैठकीला निघत असताना, तो पुढ्यात उभा होता. "उन्हाळा आहे मॅडम, तुमच्या सहीसाठी काम अडून राह्यते." मी उभ्या उभ्या दहा कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या केल्या होत्या.

"तुमी दोघं मिळून आहात असंच वाटलं मले," भांडारपाल म्हणाला.

"आणि मला तुम्ही चोर वाटलात," मी म्हणाले. तो हसला नाही.

अहवाल मी त्याच संध्याकाळी लिहिला. पहिल्या परिच्छेदात माझी चूक. गटविकास अधिकाऱ्यांनी तो वाचून चष्मा काढला. "कोऱ्या चिठ्ठ्यांचं लिहायलाच पाहिजे का?" हा प्रश्न माझ्या काळजीपोटी होता की आणखी कशासाठी, ते मला आजही कळलेलं नाही. मी एक ओळही खोडली नाही.

पर्यवेक्षक निलंबित झाला. काही पाइप एका ठेकेदाराच्या आवारात सापडले. गावचा पंप आठवड्याभरात सुरू झाला, आणि माझी एक वेतनवाढ रोखली गेली.

त्याचं फार वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते डब्याच्या वेळेचं. मी जाऊन बसले की टेबलावरचं बोलणं थांबायचं. एकदा दारातच माझ्या कानावर आलं, "सोताहून कबूल केलं म्हणजे आणखी काई लपवलं असन." मी डबा घेऊन आत गेले आणि त्यांच्यातच बसून जेवले.