यमाई ऑटोचं झाकण

आष्ट्याच्या मायावहिनींचं 'यमाई ऑटो' ज्याच्या मोटरीला बसलं, त्याला रात्री-अपरात्री विहिरीवर पळावं लागत नसे. गेलेली वीज आली, की ही डबी मोटर आपोआप चालू करायची. माहेर औंधचं, म्हणून नाव देवीचं. बाकी सगळं वहिनींचं स्वतःचं. स्वयंपाकघरामागच्या पत्र्याच्या खोलीत बसून सोल्डरिंग करायचं आणि शेवटी चिपवरचा नंबर पॉलिशपेपरनं घासून टाकायचा. या धंद्याची ती रीतच. नंबर दिसला तर कुणीही उठून नक्कल करील!

मग बाहेरून तयार माल आला, निम्म्या किमतीत. वहिनींच्या डब्या विकणारे तासगावचे दुकानदार नानासो एक खोकंच घेऊन हजर झाले.

"वैनी, कशाला डोळं फोडून घेताय? ह्यावर नुसतं यमाईचं स्टिकर लावा. लोक तुमच्या नावावर घेत्यात."

वहिनींनी एक डबी उघडली. आत सगळं काळ्या लुकणात बुडवून घट्ट केलेलं.

"ह्ये बिघडलं तर?"

"टाकायचं आन दुसरं घ्यायचं."

"माज्या देवीच्या नावानं? न्या उचलून!"

खोकं गेलं, त्यामागोमाग निम्म्या ऑर्डरीही गेल्या. वहिनी त्या काळ्या लुकणाच्या नावानं नुसत्या धुमसत होत्या. अशात आटपाडीकडून हरणाबाई एसटीनं आल्या. पदराखाली यमाईचीच बंद पडलेली डबी.

"आमच्या बिरदेव मेकॅनिकनं हात टेकलं बाई. चिपवर नंबरच न्हाई म्हनतोय. बागंचं पानी तटलंय."

वहिनींनी डबी दुरुस्त करून दिली खरी, पण तोंड कडू झालं. आपल्या पॉलिशपेपरनं तरी दुसरं काय केलं होतं?

त्या दिवसापासून पॉलिशपेपर बंद. चिपचा नंबर उघडा, आणि झाकणाच्या आतून सर्किटची आख्खी आकृती चिकटवलेली, मराठीत. नानासोंनी कपाळाला हात लावला.

"आवं, कुनीबी चोरंल की!"

"चोरू द्या. स्टिकर लावत बसन्यापरीस बरं."

आणि चोरलीच. दिवाळीनंतर नानासो मिशीत हसत आले. हातात नवीकोरी डबी, वर 'बिरोबा ऑटो'.

"हरणाबाईच्या त्या बिरदेवनं काढलंय. म्हनलं न्हवतं?"

वहिनींनी चष्मा चढवला. आकृती त्यांचीच, पण मोटर चालू-बंद करणारा आतला रिले मोठा, दमदार. व्होल्टेज पडलं तरी खडखडणार नाही असा. हे आपल्याला कसं सुचलं नाही, म्हणून त्यांना जरा रागच आला. मग त्यांनी झाकण उलटं केलं. आत बिरदेवनंही आपली सुधारलेली आकृती चिकटवली होती.

वहिनींनी सोल्डरिंगची बंदूक तापत ठेवली.

"डबी र्‍हाऊ द्या हितंच, नानासो. आता मी त्येचं चोरनार."